रंगरेज सरांची भीती

रंगरेज सरांइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतका धाकही मला दुसऱ्या कुणाचा वाटला नाही. सर कधी ओरडले नाहीत, कधी मेमो दिला नाही. नुसतं चष्म्यावरून बघत विचारायचे, "डर लागतोय का, बेटा?" मी म्हणायचे, "नाही सर." मग ते माझा कागद माझ्याकडेच सरकवायचे. "मंग परत कर."

नांदेडला आमची सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळा होती. पोलिसांनी सील करून पाठवलेल्या वस्तू तपासायच्या, अहवाल द्यायचा, कोर्टाने बोलावलं की साक्षीला जायचं. मी अर्धापूरची, केळीवाल्याची मुलगी. घरात कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "मुडद्यांचं काम न्हाई ना?" मी म्हटलं, "नाही हो, रंगांचं आहे." त्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं होतं. शाई, गुलाल, गाडीचा पत्रा, कपड्याचा धागा, त्यात घाबरण्यासारखं काय असणार?

पहिल्या दिवशी सरांच्या खोलीत गेले तर टेबल दाराला इतकं खेटून ठेवलेलं की मला आडवं होऊन आत शिरावं लागलं. डोक्यावर पंखा नव्हता. पंख्याचा नुसता हूक होता. टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास. मला वाटलं, सरांना तहान फार लागत असेल. पण दिवसभरात त्यांनी त्या ग्लासाला हात लावला नाही. मी न राहवून विचारलं तेव्हा म्हणाले, "ते पिण्याचं न्हाई. ते हललं की उठायचं आन् बाहेर जायचं. फाईल उचलायची न्हाई, पर्स उचलायची न्हाई. कळलं?"

सर मूळचे औशाचे. त्र्याण्णवच्या भूकंपाचा धसका तिकडे बहुतेकांनी घेतला होता, पण वीस वर्षं तो असा जपून ठेवणारे सरच. घर नांदेडला, तरी उन्हाळा-हिवाळा अंगणात खाट टाकून झोपत. पावसाळ्यात पत्र्याखाली. स्लॅबखाली झोपायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येई, असं त्यांच्या बेगम हसत हसत सांगायच्या.

मग आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर आला. सरांनी त्याला पहिल्या दिवसापासून 'काटा' म्हटलं, आणि ते नाव बरोबरच होतं. वाण्याच्या काट्यावर साखर तोलतात तसं हे यंत्र रंगाचे कण तोलतं. डोळ्यांना दोन गुलाबी अगदी एकसारखे दिसतील, पण यंत्रात एकाचं वजन एक भरेल आणि दुसऱ्याचं दुसरंच. तर पुण्याहून आलेल्या इंजिनियरने मशीन जोडून त्याचा पंप सुरू केला आणि शेजारच्या खोलीत सरांच्या ग्लासातलं पाणी थरथरलं. सर हातात उघडं पेन घेऊन थेट अंगणात. त्यांच्यामागे आम्ही, आमच्यामागे शिपाई, त्याच्यामागे जेवणाचा डबा घेऊन टायपिस्ट बाई. पाच मिनिटांनी इंजिनियर बाहेर आला आणि म्हणाला, "मशीन चालू झालं आहे. तुम्ही सगळे इथे का उभे आहात?" दुसऱ्या दिवशी सरांनी घरून स्कूटरच्या जुन्या टायरचे तुकडे आणले आणि पंपाखाली घातले. हा प्रसंग मी पुष्कळांना रंगवून सांगितला आहे. तेव्हा हसले खूप, पण अंगणात धावले तेव्हा पर्स मीही उचलली नव्हती हेही खरं.

सर अहवालात कधीही 'तोच' लिहीत नसत. 'विसंगत आढळत नाही' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एक फौजदार वैतागून म्हणाले होते, "साहेब, सरळ मराठीत सांगा. हाय का न्हाई?"

सर म्हणाले, "न्हाई असं म्हणता येत न्हाई."

"म्हंजी हाय?"

"तसंबी म्हणता येत न्हाई."

फौजदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मला हसू आवरेना. सही करण्याआधी सर पेन खाली ठेवत, अंगणातल्या कडुलिंबाला एक चक्कर मारत, परत येऊन कागद पहिल्यापासून वाचत आणि मगच सही करत. कधी दोन चकरा, कधी चार. चकरांवरून प्रकरण किती गंभीर ते आम्ही ओळखायचो.

या 'तोच'मागे काय होतं ते मला माझ्याच आगाऊपणामुळे कळलं. लाल रंगाच्या चिंध्यांचे दोन नमुने आले होते. मी लांबूनच म्हटलं, "सर, यंत्र कशाला लावायचं? तोच रंग आहे हा." सर पांढरे पडले. खुर्चीत बसले. मग चहा मागवला, आणि तो गार होईपर्यंत सांगत राहिले.

त्यांच्या वडिलांचं औशात रंगाऱ्याचं दुकान. आसपासच्या गावांतल्या बाया लुगडी, ओढण्या रंगवायला तिथेच टाकायच्या. भूकंप झाला तेव्हा सर औरंगाबादला प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि सुट्टीवर घरी आले होते. तिसऱ्या दिवशी एका गावातून माणसं आली. बाया सापडत होत्या, पण चेहरे ओळखू येत नव्हते. अंगावरचे कपडे तेवढे राहिले होते. रंगाऱ्याला कपडे ओळखू येतील म्हणून ते वडिलांना न्यायला आले. वडिलांना चालवत नव्हतं, म्हणून सर गेले. शाळेच्या मैदानावर त्यांना राणी रंगाचं एक पातळ दाखवलं. सरांनी ते दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, हे आमच्याच दुकानातलं, अमक्याच्या घरचं. सरकारी साहेब सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? त्या घरच्यांनी अग्नी दिला.

पाचव्या दिवशी ती बाई सोलापूरच्या दवाखान्यात सापडली, जिवंत. पाय मोडला होता, एवढंच. सर म्हणाले, "त्यांच्या घरी दिवाळी झाली. पण मंग जाळली ती कोण?"

त्याच गावात एक म्हातारी आपली लेक शोधत होती. ती दर आठवडी बाजाराला औशाला यायची आणि दुकानाच्या पायरीवर बसायची. भांडायची नाही, शिव्या द्यायची नाही. सर सुट्टीवर घरी आले की एकच विचारायची, "बाबा, तू जिला वळखलं, ती माझीच लेक व्हती का?" वर्षानुवर्षं विचारत राहिली. सर म्हणाले, "मी काय सांगू? सगळ्या बाजारात गुलाबी रंगाची पुडी एकाच व्यापाऱ्याकडनं यायची. सगळ्या दुकानांत तोच गुलाबी. ते मला ठाऊक होतं, बेटा. ठाऊक असून बोललो."

मी त्या दिवशी दोन्ही चिंध्यांची तपासणी तीन-तीनदा केली.

काही वर्षांनी शिवकन्याचं प्रकरण आलं. तोवर लातूर म्हणजे क्लासचं गाव झालं होतं. गल्लीगल्लीत वसतिगृहं आणि खानावळी, डॉक्टर व्हायला आलेली खेड्यापाड्यांतली पोरं, आणि त्यांना पाण्याचे जार पोचवणारे टेम्पो. शिवकन्या शिरूर अनंतपाळकडची, शेतकऱ्याची मुलगी. संध्याकाळी क्लास सुटल्यावर सायकलवरून वसतिगृहावर चालली होती. मागच्या रस्त्यावर कुठल्याशा गाडीने उडवलं आणि गाडी थांबली नाही. पोरगी खोल नालीत पडली. सकाळी दूधवाल्याला दिसली, तेव्हा ती गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी हजारो मुलं रस्त्यावर आली. तीन आठवड्यांनी पोलिसांनी बालाजी नावाच्या जारवाल्याला धरलं. त्याचा टेम्पो औशाकडे एका शेतात उघड्यावर उभा सापडला. बंपरच्या फटीत गुलाबी धागा अडकलेला. बालाजीचं म्हणणं, हा धागा मंडपाच्या कापडाचा आहे, मी लग्नाचं सामान वाहतो. त्याला धरलं त्या रात्री लोकांनी त्याच्या घराचा दरवाजा फोडला होता. जामीन मिळाला नव्हता. एका पुडीत तो धागा आणि दुसऱ्या पुडीत शिवकन्याची राणी रंगाची सुती ओढणी आमच्या टेबलावर आली. आता तो माणूस कित्येक वर्षं आत जाणार की घरी जाणार, हे त्या धाग्यावर होतं.

धागा पापणीच्या केसाएवढा होता. तपासायला रंग काढून घ्यायचा म्हणजे धागा संपवायचा. अर्धा फेरतपासणीसाठी राखून ठेवायचा होता. म्हणजे उरलेल्या अर्ध्यावर एकदाच काय ते. सरांनी चिमट्याने तो उचलला आणि त्यांचा हात असा कापायला लागला की त्यांनी तो परत ठेवला. लिंबाला चक्कर मारून आले. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मला म्हणाले, "माझं मनगट धर." मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट टेबलावर दाबून धरलं आणि त्यांनी धागा कापला.

निकाल आला. ओढणीचा गुलाबी चारशे त्रेचाळीस भरत होता. धाग्यात तो आकडा नावापुरता होता, आणि चारशे पंधरा, तीनशे सत्त्याऐंशी अशी हलकी वजनंच जास्त. मी मसुदा लिहिला, 'जुळत नाही.'

आमच्या फाटकाबाहेर बालाजीची म्हातारी आई येऊन बसायची. सकाळच्या गाडीने लातूरहून यायची, दुपारच्या गाडीने जायची. सर तिला टाळायला मागच्या दाराने ये-जा करत. चौकीदाराला सांगून त्यांनी तिला सावलीत खुर्ची मात्र ठेवायला लावली होती. त्या दुपारी मी फाटकातून जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घाबरू नका आजी." एवढंच. पण तिने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. हे करायला नको होतं, आजही वाटतं.

सरांनी मसुदा वाचला. "धागा तीन आठवडे कुठं होता?"

"बंपरला."

"उन्हात. आन् ओढणी पुडीत, अंधारात." ते उठले. "कच्चा गुलाबी उन्हानं उडतो, हे रंगाऱ्याच्या लहान लेकरालाबी कळतं. उडतो म्हंजी काय होतं? वजन उतरतं ना?"

त्यांनी घरून वडिलांचं रंग उकळायचं जुनं भगुणं आणलं. सुती कापडाच्या पट्ट्या गुलाबीत रंगवल्या, अर्ध्या पेटीत ठेवल्या आणि अर्ध्या गच्चीवरच्या दोरीवर वाळत टाकल्या. सरकारी इमारतीच्या गच्चीवर तीन आठवडे गुलाबी चिंध्या फडफडत होत्या. शेजारच्या कार्यालयातले लोक विचारायचे, "मॅडम, कुणाचं लगीन हाय?" रोज दुपारी सर एक पट्टी उतरवून आणत आणि आम्ही ती काट्यावर टाकत असू. चारशे त्रेचाळीसच्या कणाचे तुकडे गळत होते, दर खेपेला अठ्ठावीसचा. चारशे पंधरा. तीनशे सत्त्याऐंशी. अगदी धाग्यातलेच आकडे. मला आजींचे हात आठवले.

तरी सर म्हणाले, "यानं काय सिद्ध होतं? गुलाबी सगळ्यांचाच. मंडपाचाबी असंल." त्यांना हवं होतं तेच मिळालं होतं, 'विसंगत आढळत नाही'. तेवढं लिहून ते मोकळे होऊ शकत होते. पण त्यांनी आलेखाच्या तळाशी बोट ठेवलं. दोन इवल्या रेघा होत्या, एक जांभळ्याची, एक पिवळ्याची.

मी म्हटलं, "कचरा असेल सर. नळीतला."

"रंगाऱ्याच्या घरी कचरा नसतो. ओढणीत बघ."

ओढणीतही त्या दोन्ही होत्या. सर खाली बसले. हा माणूस आनंदेल असं मला वाटलं होतं, पण त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

त्यांच्या सांगण्यावरून तपास अधिकाऱ्याने ओढणी रंगवणारा शोधला. लातूरच्या बाजारात गॅसवर भगुणं ठेवून मॅचिंग ओढण्या रंगवून देणारा एक वयस्कर माणूस. त्याला पोरगी आठवत होती. जबाबात त्याने सांगितलं, "टॉप घेऊन आल्ती, याला मॅच करून द्या म्हणली. राणी कलरमधी जांभळं टाकलं ते जरा जास्तच पडलं. मंग ते दाबायला पिवळं टाकलं. असं करत नसतेत, पण पोरीला घाई व्हती, दुसऱ्या दिवशी टेस्ट व्हती." मग सरांनी लातूर, औसा, नांदेडच्या बाजारांतून वीस-बावीस गुलाबी कापडं मागवली, मंडपाचं कापडही त्यात. एकातही तिन्ही रंग एकत्र सापडले नाहीत. रंगाऱ्याच्या हातून झालेली ती एक चूक त्या एकाच भगुण्यात होती.

सही करायच्या दिवशी सरांनी लिंबाला किती चकरा मारल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. पाऊलवाट पडली असती. शेवटी आत आले आणि सही केली. मी वाचलं. 'धागा त्याच ओढणीचा आहे.' मी म्हटलं, "सर, नेहमीचं वाक्य लिहिलं असतं तरी..."

"त्या पोरीच्या बापानं काय करायचं मंग?" ते म्हणाले. "जनमभर पायरीवर बसायचं?"

लातूरच्या कोर्टात मी फाईल घेऊन त्यांच्यासोबत होते. आरोपीचे वकील चांगले तयारीचे होते, औशापर्यंत जाऊन सरांची चौकशी करून आलेले. "रंगरेज साहेब, हा गुलाबी रंग बाजारात कुठेही मिळतो, हे खरं?"

"खरं."

"जांभळा? पिवळा?"

"तेबी मिळतात. तिन्ही चुकून एका भगुण्यात पडले, असं कापड मात्र मला दुसरं मिळालं नाही. मी हुडकलं, साहेब. लई हुडकलं."

"तुम्ही भूकंपात एका बाईची ओळख चुकवली होती, हे खरं?"

मला वाटलं, सर आता कोसळणार. त्यांनी कठड्याची फळी घट्ट धरली होती. "खरं आहे," ते म्हणाले. "तेव्हा मी घाबरलो नव्हतो. म्हणून चुकलो. आता सहा महिने घाबरून हे काम केलं आहे."

बाहेर आलो तर व्हरांड्यातल्या बाकावर बालाजी बसलेला, हातात बेडी, शेजारी शिपाई. पलीकडे त्याची आई. मागच्या दाराने जायची इथे सोय नव्हती. सर मान खाली घालून पुढून निघाले, तेवढ्यात बालाजी उठला. "साहेब."

सर थांबले.

"साहेब, एक सांगा. मी थांबलो असतो तर वाचली असती का ती?"

आजींनी पोराकडे पाहिलं. गेले कित्येक महिने त्या ज्याला-त्याला माझं लेकरू तसं नाही म्हणून सांगत होत्या. त्यांचा पदर तोंडाशी गेला. शिपाई भिंतीकडे बघायला लागला.

सर एका क्षणात म्हणाले, "न्हाई. ती जागीच गेली. तू थांबून काही झालं नसतं."

बालाजी मटकन बाकावर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

शवविच्छेदनाचा अहवाल माझ्या काखेतल्या फाईलमध्ये होता. ओढणी अंगावर कशी होती ते कळावं म्हणून सरांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला होता, दोनदा. पोरगी नालीत पडल्यावर दोन-अडीच तास जिवंत होती. डॉक्टरांनी तसं स्वच्छ लिहिलं होतं, आणि ते वाक्य ऐकून सर उठून अंगणात गेले होते.

आम्ही बसस्टँडवर आलो. सर औशाला भावाकडे जाणार होते, मी नांदेडला. फलाटावर ते म्हणाले, "बेटा, मी तिथं जे बोललो ते तू ऐकलं न्हाई."

"नाही सर," मी म्हटलं.

बालाजीला पुढे शिक्षा झाली. सर साक्षीच्या त्याच महिनाअखेर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला आले नाहीत. मी प्रशिक्षणासाठी बाहेर होते, आणि परत आले तोवर त्यांनी नांदेडचं घर सोडलं होतं. दीड वर्षाने ते वारल्याचं कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साक्षीच्या त्या दिवशी, औशाच्या गाडीत. गाडी क्लासहून गावी निघालेल्या पोरापोरींनी खच्चून भरली होती. खिडकीतून दिसत होतं, शिवकन्याच्या वयाची एक मुलगी मांडीवरची बॅग उचलून उठली आणि म्हणाली, "चाचा, बसा तुम्ही." सरांनी नुसती मान हलवली. ती पुन्हा म्हणाली, "बसा ना चाचा." गाडी हलली तरी ती जागा सोडून उभीच होती, आणि सर वरची दांडी दोन्ही हातांनी धरून बाहेर बघत होते. तिच्याकडे त्यांना बघवत नव्हतं.